पत्री, परस आणि परदेशी झाडे

दादरा म्हणजे मुळात तीनच गावे : दादरा, डेमणी आणि तिघरा. चहूकडून गुजरातच्या भूमीने वेढलेल्या या लहानशा तुकड्याचा राजकीय इतिहास भाविकांच्या परिचयाचा आहे. १७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात पुणे येथे तह झाला. त्यास अनुसरून १७८३ व १७८५ च्या सनदांनी दादरा व नगरहवेलीतील गावांचा महसूल, वर्षास बारा हजार रुपयांच्या मर्यादेत, पोर्तुगीजांस लावून देण्यात आला. हे दान महसुलाचे होते, राज्याचे नव्हे, असा निर्वाळा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० साली दिला. त्यापूर्वीच, १९५४ च्या जुलै महिन्यात दादरा आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले होते. त्या स्वयंसेवकांत गायक-संगीतकार सुधीर फडके हेही होते, हे अनेक वाचकांस ठाऊक असेल. १९६१ साली हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत् समाविष्ट झाला आणि २०२० पासून तो दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशात गणला जातो.

सत्तांतराचा हा इतिहास कागदोपत्री नमूद आहे. परंतु त्याच काळात घराच्या अंगणात आणि परसात एक दुसरे स्थित्यंतर घडत होते, आणि त्याची सनद कोणीही लिहून ठेवली नाही. कोणती झाडे होती, कोणती आली, कोणती गेली, हा तो इतिहास होय. आमच्या पाठशाळेत पूजाविधी शिकविताना त्याची आठवण दरवर्षी होते; कारण पोथीत ज्या वनस्पतींची नावे विद्यार्थी मुखोद्गत करतात, त्यांतील निम्म्या त्यांना दाखविता येतील अशा जागी आता उरलेल्या नाहीत.

गणेशचतुर्थीच्या पत्रीचेच उदाहरण घेऊ. पाठभेद सोडले तर एकवीस पत्रींत माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती आणि मालती ही नावे येतात. ही यादी बारकाईने पाहावी. तिच्यात महावृक्ष आहेत, झुडपे आहेत, वेल आहेत आणि पायदळी तुडविले जाणारे तणही आहे. आघाडा आणि माका यांना कोणी मुद्दाम पेरीत नाही. ओल मिळाली की बांधावर ते आपण होऊन उगवतात. रुई आणि धोत्रा पडीक जागेत वाढतात. ही सर्व नावे एका दिवसाच्या पूजेसाठी आवश्यक ठरविल्यामुळे प्रत्येक घरी निदान वर्षातून एकदा कोणीतरी परसात व बांधावर फिरून ती ओळखीत असे. ज्या तणाला शेतकरी एरवी उपटून फेकील, त्याला एक कोपरा राखला जाई. पूजेचा नियम हा अशा रीतीने वनस्पतींच्या रक्षणाचाही नियम होता, मग तो करणाऱ्यांच्या मनात तसे असो वा नसो.

आज त्याच नियमाचे फळ उलटे झाले आहे. पत्री परसातून येत नाही, बाजारातून येते. बाजारात येणारी पत्री सह्याद्रीच्या पायथ्यावरून आणि जंगलाच्या कडेवरून ओरबाडून आणलेली असते; ती आणणारे हात बहुधा गरीब आदिवासी स्त्रियांचे असतात आणि त्यांना मिळणारा मोबदला अल्प असतो. शिवाय जुडीत जे असते ते नावाप्रमाणे असतेच असे नाही. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने सर्रास विकली जातात. अशोक म्हणून ज्याची पाने तोरणाला लावतात तो उंच सरळ वाढणारा आसुपालव. रामायणातला केशरी-तांबड्या फुलांच्या घोसांचा अशोक तो नव्हे. मधुमालती म्हणून आज कुंपणावर चढविली जाते ती रंगूनची वेल, आणि संस्कृत काव्यातली माधवी लता मात्र निराळीच. नाव जिवंत आणि वनस्पती अंतर्धान, अशी ही अवस्था आहे. ज्याला आपण पत्री वाहतो त्या देवाला फरक पडत नसेल. पण वाहणाऱ्याला आपण काय वाहतो हे ठाऊक असावे, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

परसात काय लावावे याचा विचार आपल्या पूर्वसूरींनी केला होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात बागेत किंवा घरी प्रथम लावावयाचे मंगल वृक्ष म्हणून अरिष्ट म्हणजे कडुलिंब, अशोक, पुन्नाग, शिरीष आणि प्रियंगू ही नावे दिली आहेत. त्याच अध्यायात दोन झाडांतील अंतर वीस हात असणे उत्तम, सोळा मध्यम आणि बारा कनिष्ठ असे सांगून, एकमेकांना चिकटून वाढलेल्या व मुळे गुंतलेल्या झाडांना नीट फळ येत नाही असा इशाराही दिला आहे. वीस हात म्हणजे सुमारे तीस फूट. आज दोन फुटांवर अशोकाची रांग लावून शोभा साधणाऱ्या आपल्या इमारतींच्या आवारात वराहमिहिर आला असता तर त्याने काय म्हटले असते, याचा अंदाज वाचकांनी करावा.

मराठेशाहीतील साक्षही महत्त्वाची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जे सामान्यतः १७१५ च्या सुमाराचे मानले जाते, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. आंबा, फणस यांचे लाकूड गलबतांच्या कामास उपयोगी, तरीही त्यांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण ही झाडे एकदोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जपून वाढविलेली असतात, आणि ती तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. परसातील झाडावर राज्याचा नव्हे, तर लावणाऱ्याच्या मायेचा हक्क आहे, हे एवढ्या स्पष्टपणे मांडणारे राजनीतीचे ग्रंथ थोडेच असतील.

आता परदेशी झाडांकडे वळू. पोर्तुगीजांनी दमण १५५९ साली घेतले. त्याच पिढीतला त्यांचा वैद्य गार्सिया द ओर्ता याने येथील औषधींवर लिहिलेला संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला; भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथे त्याची बाग होती. आपल्या पारिजातकाविषयी त्याने लिहिले आहे : रात्री फुलणारा आणि दिवसा उदास दिसणारा हा वृक्ष त्याला ‘दुःखी वृक्ष’ वाटला. पुढे १७५३ साली लिनियसने या झाडाला लॅटिन शास्त्रीय नाव दिले त्यातही तोच ‘दुःखी वृक्ष’ कायम राहिला. सत्यभामेच्या अंगणातले झाड युरोपच्या पुस्तकात शोकाकुल होऊन बसले! गार्सियाच्या ग्रंथानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्याला साह्य करणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यब्राह्मण होते, आणि त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. आपल्या दारातील झाडांचे मोल परकीयांस आपल्याच वैद्यांनी शिकविले, ही गोष्ट विसरता कामा नये.

याच जहाजांतून उलट दिशेने पुष्कळ काही आले. अननस, पपई, काजू, बटाटा हे शब्दच पोर्तुगीज भाषेच्या वाटेने मराठीत आले आहेत. पेरू, सीताफळ, मिरची, तंबाखू ही सारी अमेरिका खंडाची. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही तो मेक्सिकोचा, आणि देवळाच्या ओट्याजवळ हमखास असणारा देवचाफाही अमेरिकेचाच. आपला मूळचा तो सोनचाफा. चिंचेचे मूळ आफ्रिकेत आहे आणि पत्रीतील डाळिंब इराणकडचे. तेव्हा ‘परदेशी ते सारे त्याज्य’ असे म्हणणाऱ्यास प्रथम आपल्या ताटातील मिरची बाजूला काढावी लागेल. हापूस आंब्याचे उदाहरण तर उद्बोधक आहे. झाड आपले, पण कलमांची कला आणि नाव पोर्तुगीजांकडचे. परंपरेने पाहुण्यांना घरात घेतले, त्यांना कामाला लावले आणि घरचे करून टाकले.

प्रश्न जन्मभूमीचा नाही, वर्तणुकीचा आहे. काही पाहुणे घरचे झाले. काहींनी घर बळकावले. घाणेरीचे उदाहरण पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेचे फुलझाड म्हणून आणली गेली. कुंपणाला उत्तम, गुरे खात नाहीत, फुले बारमाही, असे तिचे गुण गायले गेले. आज देशभरातील जंगलांच्या मोठ्या भागात तिचे जाळे पसरले असून तिच्याखाली गवत उगवत नाही आणि रोपही वर येत नाही. जलपर्णीसुद्धा तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने बागेतल्या हौदांसाठी आली आणि नद्यांवर पसरली. गाजरगवत मात्र कोणी हौसेने आणले नव्हते. ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले. बागेचे कुंपण हे मनुष्यापुरते असते. पक्षी बी घेऊन जातात, पाणी देठ वाहून नेते. म्हणून माझ्या परसात मी काय लावतो ही माझी एकट्याची बाब राहत नाही.

दादरा-नगरहवेलीला हे विशेष लागू पडते, कारण येथे जंगल फार दूर नाही. ४९१ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाचा सुमारे चाळीस टक्के भाग वनाखाली आहे. साग, खैर, मोह, पळस, ऐन, बांबू ही त्यातली मुख्य झाडे. काथोडी जमातीचे नावच खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. वारल्यांच्या विवाहात भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि भोवती झाडे. झाडांवाचून लग्न लागत नाही, असे हे लोक आहेत. त्यांच्या झोपडीभोवती मांडवावर वाल, कारली, दोडके, बाजूला आळू आणि दाराशी शेवगा, हे परसाचे रूप नागर वस्तीने खेडवळ म्हणून सोडून दिले. १९६१ साली या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ५८ हजार होती. २०११ मध्ये ती ३ लक्ष ४३ हजारांवर गेली. कारखाने आले, त्यांच्यामागून चाळी आणि वसाहती आल्या, आणि परसाची जागा वाहने उभी करण्यासाठी फरसबंद झाली. जेथे थोडी माती उरली तेथे रोपवाटिकेतून आणलेली शोभेची झाडे लागली, ज्यांची फुले सुंदर असतात आणि ज्यांचे पान कोणी कीटक खात नाही. विक्रेता हाच गुण म्हणून सांगतो.

वस्तुतः तोच दोष आहे. ज्या झाडाचे पान एकही अळी खात नाही, ते झाड आपल्या सृष्टीच्या दृष्टीने मुके आहे. बुलबुल किंवा शिंपी पक्षी पिल्लांना प्रामुख्याने अळ्या आणि किडे भरवितात. पिल्लू दाण्यावर वाढत नाही. अळ्यांचे मात्र खाद्याविषयी फार कडक सोवळे असते. रुईवर वाढणारे वाघ्या रंगाचे फुलपाखरू रुईच्या कुळाबाहेरील झाडांवर सहसा अंडी घालीत नाही. बेल, लिंबू आणि कढीलिंब यांवर पाकोळ्यांच्या जातीतील फुलपाखरे वाढतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान्य केलेली नीलवंती राणी पाकोळीसुद्धा लिंबूवर्गीय झाडांचाच आश्रय घेते. हजारो वर्षांच्या सहवासाने जुळलेले हे नाते नव्या झाडाशी चार दिवसांत जुळत नाही. गृहिणीने कढीलिंबाची चार पाने अळीला सोडावीत, अंगणात बुलबुलाचे घरटे होईल.

दुसरा लाभ पाण्याचा. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन कोरडी असते. या चक्राशी येथील झाडांनी आपली चाल बसवून घेतली आहे. मोह आणि पळस उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळतात आणि त्याच निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. अशा झाडाला पहिली दोनतीन वर्षे उन्हाळी पाणी घातले की पुढे घागरीची गरज पडत नाही. हिरवळीच्या गालिच्याला मात्र दररोज पाणी लागते. विहिरी आटणाऱ्या प्रदेशात ती चैन आहे. वाऱ्याचेही तसेच. मादागास्करहून आलेला गुलमोहर वैशाखात डोळ्यांचे पारणे फेडतो हे खरे. पण त्याची मुळे उथळ असल्यामुळे पावसाळी वादळात तो उन्मळून पडण्याची भीती असते. लाल फुलांची हौसच असेल तर पांगारा आहे, जांभळ्यासाठी महाराष्ट्राचे राज्यपुष्प मानलेले ताम्हण आहे.

घरगुती भाजीच्या वाणांबाबत जवळचे आणि स्फूर्तिप्रद उदाहरण अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे आहे. अक्षरओळख नसलेल्या या महादेव कोळी समाजातील बाईंनी वाल, घेवडा, भात इत्यादींचे गावरान बियाणे परसात लावून, राखून, बायाबायांत वाटून त्याची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री घोषित झाली. त्यांच्या पाठीशी बायफ ही संस्था होती. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या याच संस्थेने दादऱ्यापासून फार दूर नसलेल्या वांसद्याच्या आदिवासी भागात १९८० नंतरच्या दशकात आंब्या-काजूच्या लहान वाड्या उभ्या करून दिल्या. त्या वाड्यांत काजू आहे, जो ब्राझीलचा. आणि कुंपणाला जंगलची झाडे आहेत. वर ज्याला वर्तणूक म्हटले तिचा विचार तेथे नीट केलेला दिसतो.

आता भाविकांच्या मनात येणाऱ्या एका शंकेचा विचार केला पाहिजे. पत्री मिळत नसेल तर अक्षता किंवा दूर्वा वाहून पूजा पूर्ण होतेच की. मग एवढा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचा विचार मीमांसाशास्त्राने प्रतिनिधी या प्रकरणात केला आहे. यज्ञात व्रीही सांगितला आणि मिळाला नाही, तर नीवार घ्यावा. सोम न मिळाल्यास पूतीक. प्रतिनिधी कोणताही चालत नाही, तो मूळ द्रव्याशी सादृश्य असलेला हवा. आणि मूळ द्रव्य उपलब्ध असता प्रतिनिधी ग्राह्य नाही. शास्त्राने दिलेली ही सवलत अभावासाठी आहे, आळसासाठी नाही. बेलाचे रोप परसात सहज होते. ते न लावता दरवर्षी ‘बेल मिळाला नाही’ म्हणणे हा अभाव कोणत्या प्रकारचा, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. जंगलातून ओरबाडलेले पान आणि आपण पाणी घालून वाढविलेल्या झाडाचे पान यांत दुसरे अधिक शुद्ध, याविषयी मला तरी संदेह वाटत नाही.

जागा किती आहे त्यावर निवड ठरवावी. एकच खिडकी असेल तर तुळस, मरवा आणि दूर्वेची कुंडी पुरे; माकाही ओल्या कुंडीत होतो. दहा-पंधरा फुटांचे अंगण असेल तर पारिजातक, जाई, कढीलिंब आणि अडुळसा यांना जागा आहे. शाकुंतलात नवमालिकेच्या वेलीला ‘वनज्योत्स्ना’ असे नाव दिलेले आहे. मुलांनीही वेलींना नावे द्यावीत, मग त्यांना पाणी घालण्याची आठवण करून द्यावी लागत नाही. मोठी जागा असेल तरच बेल, आवळा, सीतेचा अशोक, आपटा. पिंपळ आणि वड घराजवळ लावू नयेत. त्यांची मुळे भिंतीत शिरतात, त्यांना देवळाचा पार किंवा गावची मोकळी जागा योग्य. अर्जुन पाण्याकाठचा वृक्ष असल्याने तो नदीकाठी द्यावा. कण्हेर आणि धोत्रा विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक, म्हणून लहान मुले असलेल्या घरी ही तीन कुंपणापलीकडे बरी. गुळवेल, अडुळसा अशी औषधी लावली म्हणून स्वतःच वैद्य होऊ नये, हेही ओघाने सांगितले पाहिजे.

खड्डे वैशाखात खणून उन्हात तापू द्यावेत, दोन फूट रुंद आणि तितकेच खोल. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर शेणखत व माती मिसळून रोप लावावे. रोप शक्यतो शेजारच्या गावातील जुन्या झाडाच्या बियांचे असावे. आपट्याच्या शेंगा आणि बेलफळे उन्हाळ्याच्या सुमारास पिकतात. शाळेतील मुलांनी सुटीत त्या गोळा केल्या तर मठाच्या आवारात रोपांची एक लहान वाफ अल्प खर्चात तयार होऊ शकते आणि प्रसादाबरोबर रोप देता येते.

एकवीस पत्रींपैकी दोन मात्र या हवेत अडतात. शमी कोरड्या प्रदेशाची. आपल्या अतिपावसात तिला निचऱ्याची उंच जागा लागते, आणि तेथेही ती खुरटीच राहण्याचा संभव आहे. देवदार तर हिमालयाचा. दमणगंगेच्या काठी तो लावण्याचा प्रयत्न करू नये. तेथे प्रतिनिधी घ्यावा, त्यासाठीच तो सांगितला आहे.